लिमारीची पिनो न्वार घ्यावी की बारेआलची क्रिओया?

वाळवंटातली रेड वाइन म्हटलं की दाट, काळपट आणि तोंड कोरडं करणारी असणार, असंच आपण धरून चालतो. पण अँडीजच्या दोन्ही अंगांना दोन रेड अशा होतात की ग्लासमागे बोट धरलं तर नखसुद्धा दिसावं. एक चिलीच्या लिमारी खोऱ्यातली पिनो न्वार, दुसरी अर्जेंटिनाच्या सान हुआन प्रांतातल्या बारेआलची क्रिओया चिका. दोन्ही नावं द्राक्षांच्या जातींची. दोन्हींतली एकच घ्यायची असेल तर आधी ताटात काय आहे ते बघा.

लिमारी आताकामा वाळवंटाच्या दक्षिण टोकाला आहे. वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस, द्राक्षं सगळी ठिबकवर. तरीही वाइन ताजीतवानी राहते ती धुक्यामुळे. किनाऱ्याजवळून थंड हम्बोल्ट प्रवाह वाहतो. त्याच्यावरून उठणारं धुकं, तिथल्या बोलीत 'कामांचाका', सकाळी खोऱ्यात शिरतं आणि ऊन चढेपर्यंत हलत नाही. जवळच्या फ्राय होर्खे राष्ट्रीय उद्यानातलं जंगल याच धुक्याच्या ओलाव्यावर तगून आहे. द्राक्षं सावकाश पिकतात, त्यांची आंबट धार टिकते. त्यात काही मळ्यांच्या जमिनीत चुनखडी आहे, आणि चिलीत ती सहसा सापडत नाही. या वाइनमध्ये मला लाल चेरी, ओली माती आणि शेवटी जिभेवर रेंगाळणारा खारटसर स्पर्श जाणवतो.

बारेआलला धुकं नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंची, वर आकाश इतकं कोरडं आणि स्वच्छ की शेजारी एल लेओनसितोला खगोल वेधशाळा आहे. मळ्यांना पाणी मिळतं ते अँडीजचं बर्फ वितळून वाहणाऱ्या नद्यांचं. दिवसा कडक ऊन, रात्री गारठा. क्रिओया चिका म्हणजे स्पेनहून सोळाव्या शतकात आलेलं लिस्तान प्रिएतो द्राक्ष. चिलीत त्यालाच पाइस म्हणतात. जुन्या वेली मांडवावर चढवलेल्या असतात. वाइन फिकट लाल, वासाला रानफळांसारखी, आणि हिरड्यांना किंचित खरखरीत लागते. जेवणात कामाला येते ती हीच खरखर.

सान हुआनच्या एम्पानादात, म्हणजे तिथल्या सारण भरलेल्या करंजीत, कांदा भरपूर असतो, सोबत गोमांस आणि ऑलिव्ह. गरम एम्पानादाचा कोपरा चावला की चरबीचा रस मनगटापर्यंत ओघळतो. त्यावर क्रिओयाचा एक घोट घेतला की जीभ लख्ख होते आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. पिनो इथे हरते. कांदा आणि ऑलिव्हपुढे तिचा नाजूक वास उरतच नाही. टोमॅटो, कांदा आणि अंड्याचं तोमातिकानही क्रिओयाकडेच जातं, कारण टोमॅटोचा आंबटपणा तिला झेपतो.

मासे असतील तर मात्र पारडं फिरतं. चिलीच्या किनाऱ्यावर आल्बाकोरा, म्हणजे तलवार मासा, तव्यावर भाजतात. त्याचा मांसल तुकडा आणि गार पिनो ही जोडी मला व्हाइट वाइनपेक्षाही आवडते. तेलकट माशासोबत बऱ्याच रेड वाइन धातूसारख्या लागतात, त्यामुळे सार्डिनसारख्या माशांना दोन्हींपासून लांबच ठेवा. लिमारीच्या आसपास शेळीचं चीज मुबलक होतं. ताजं, आंबटसर चीज पिनोबरोबर घ्या. मुरलेल्या, खारट चीजसोबत क्रिओयाही शोभते, मीठ तिचा तुरटपणा मवाळ करतं. मांसावर मक्याचा गोडसर थर देऊन भाजलेलं पास्तेल दे चोक्लो दोन्हींबरोबर चालतं.

ताटात तिखट असेल तर ज्या बाटलीवर अल्कोहोलचा आकडा कमी तीच उचला, अल्कोहोलने तिखट आणखी भडकतं. दोन्ही वाइन १२ ते १४ अंश सेल्सिअसवर द्या, फ्रिजमधून अर्धा तास आधी काढून. गरम ग्लासात पिनो ढिली पडते, क्रिओया नुसती अल्कोहोलसारखी लागते.

लेबल मात्र नीट वाचा. 'क्रिओया ग्रांदे' हे वेगळं, गुलाबीसर द्राक्ष आहे आणि ते मुख्यतः स्वस्त, घाऊक वाइनसाठी वापरलं जातं. आपल्याला हवी ती 'चिका'. पिनोच्या बाबतीत नव्या ओक लाकडाच्या पिंपात फार काळ ठेवलेली टाळा. लाकडाचा व्हॅनिलासारखा वास त्या खारट शेवटावर चढून बसतो, आणि लिमारीची बाटली तर त्याच्यासाठीच घ्यायची.

चार माणसं, मधोमध मांसाचं ताट आणि गप्पा रंगलेल्या, तर मी डोळे मिटून क्रिओया घेईन. दोघंच असू आणि मासा ताजा मिळाला असेल, तर पिनो.