पाणी तपासायची एच-टू-एस बाटली : साथीत वापरल्यानंतरचा अभिप्राय

छोटीशी बाटली, आत औषध लावलेली कागदाची पट्टी. नळाचं पाणी खुणेपर्यंत भरायचं, झाकण घट्ट लावून घरातच ठेवायची. पाण्यात मैल्याचे जंतू असले तर त्यांच्यापासून एच-टू-एस म्हणजे हायड्रोजन सल्फाइड हा गंधकाचा वायू तयार होतो आणि 24 ते 48 तासांत पाणी काळं पडतं. ही तपासणी 1982 साली मांजा, मौर्य आणि राव या आपल्याच शास्त्रज्ञांनी मांडली, याचा मला फार अभिमान वाटतो.

आमचं गाव अमळनेर तालुक्यात. जलजीवन मिशनमध्ये पाणी तपासायला शिकवलेल्या पाच बायांमधली मी एक. पावसाळ्यात खालच्या गल्लीत हगवण-उलट्यांची साथ आली. आशाताईंनी आजाऱ्यांची घरं वहीत उतरवली, तर सगळी एकाच पाइपलाइनवरची. टाकीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर पडत होती, टाकीजवळ ओटीचा (पाण्यात क्लोरीन आहे का ते दाखवणाऱ्या औषधाचा) पिवळा रंगही येत होता. शेवटच्या नळाला मात्र रंगच नाही. मग टाकीपासून खालपर्यंत ओळीने बाटल्या भरल्या. गटारीच्या अलीकडच्या सगळ्या स्वच्छ राहिल्या, पलीकडची पहिलीच दुसऱ्या दिवशी काळीकुट्ट. तिथेच खोदलं. जोड निसटलेला, वर गटारीचा चिखल. नळाला पाणी यायचं बंद झालं की गटारीचं पाणी पाइपात ओढलं जायचं.

गल्लीतल्या आजी आधी म्हणायच्या, ‘पानी ते साफ दिसस ना वं माय!’ ती बाटली हातात घेतल्यावर त्यांनी स्वतःच माठ रिकामा केला. माझ्या लेखी या बाटलीची खरी किंमत ही.

उणिवाही आहेत. निकालाला दिवस जातो, त्यामुळे साथीत वाट पाहत बसू नका. पाणी उकळणं, मेडिक्लोर (पाण्यात टाकायचं क्लोरीनचं औषध), ओआरएस लगेच सुरू करा. थंडीत रंग उशिरा येतो. जंतू कोणता ते कळत नाही, आणि काविळीचा विषाणू तर ही पकडतच नाही. म्हणून बाटली काळी पडली नाही तरी प्रयोगशाळेत नमुना पाठवाच. गंधकाचा वास असलेलं बोअरचं पाणी उगाच काळं पडू शकतं, तेही ध्यानात ठेवा.

घेताना मुदतीची तारीख बघा. आमच्याकडे एका दुकानातून मुदत संपलेल्या बाटल्या आल्या होत्या, त्या परत केल्या. प्रत्येक बाटलीवर चिकटपट्टी लावून नळ आणि वेळ लिहा. काळी झालेली बाटली पोरांच्या हाती लागू देऊ नका. ब्लीचिंग पावडरचं पाणी घालून ठेवा, मगच रिकामी करा.