लिंक्डइनचं मोफत खातं: बडोद्यात होम स्टेजिंगचा धंदा वाढवायला कितपत कामाचं?

5 पैकी 3.5 तारे, आणि तेही खातं योग्य माणसांकडे वळवलं तरच. होम स्टेजिंग म्हणजे विकायचं किंवा भाड्याने द्यायचं घर गिऱ्हाइकाला आवडावं म्हणून तात्पुरतं मांडून देणं; हे काम करणारा तो स्टेजर. गोत्रीतला किंवा मांजलपूरचा मालक घर विकायला काढतो तेव्हा तो लिंक्डइनवर स्टेजर शोधत नाही, ओळखीच्या ब्रोकरला फोन करतो. त्याच्यासाठी पोस्टी टाकत बसाल तर लाइक मिळतील, काम मिळणार नाही. पण घर रिकामं पडल्याचं ज्यांना सगळ्यांत आधी कळतं ती मंडळी इथे सापडतात: ब्रोकर, बिल्डरच्या विक्री विभागातले लोक, कंपन्यांचे एचआर आणि अ‍ॅडमिनवाले, आणि परदेशात राहून बडोद्यात फ्लॅट किंवा टेनामेंट (स्वतंत्र बैठं घर) बाळगणारे. या चौघांपर्यंत पोचायला एक रुपयाही न भरता लिंक्डइन पुरतं. प्रीमियम घेण्याआधी मोफत खातं नीट वापरून पाहा.

प्रोफाइलपासून सुरुवात करू, कारण बहुतेकांचं इथेच चुकतं. नावाखालच्या ओळीत 220 अक्षरं मावतात, पण शोधाच्या यादीत आणि कमेंटशेजारी त्यातली सुरुवातच दिसते. तिथे ‘फाउंडर’ किंवा ‘क्रिएटिव्ह हेड’ लिहून ती जागा वाया जाते. होम स्टेजिंग ही संज्ञा 1970 च्या दशकात अमेरिकेत रुळली. आपल्याकडे अजून ती कोणी शोधत नाही. लोक ‘सॅम्पल फ्लॅट’, ‘फर्निश्ड फ्लॅट’, ‘रिसेल’ असे शब्द टाइप करतात. म्हणून हे शब्द आधी आणि ‘होम स्टेजिंग’ त्यांच्या मागे, असा क्रम ठेवा. ओळ इंग्रजीतच असू द्या. शहराचं नाव मात्र दोन्ही प्रकारे हवं. सरकारी कागदांत आणि लिंक्डइनच्या ठिकाणाच्या यादीत वडोदरा आहे. पण न्यू जर्सीत वीस वर्षं राहिलेला माणूस बरोडा असंच टाइप करतो. एक नाव वरच्या ओळीत आणि दुसरं ‘अबाउट’मध्ये घातलं की दोन्ही शोधांची सोय होते.

‘अबाउट’ला 2,600 अक्षरांची मर्यादा आहे, तेवढी वापरायची गरज नाही. न उघडता दिसणाऱ्या पहिल्या दोन-तीन ओळींत एवढंच सांगा: विकायच्या किंवा भाड्याने द्यायच्या घराची तात्पुरती मांडणी करतो, सामान आमचं, घर विकलं की सामान परत नेतो. राहत्या घराचं इंटिरियर आणि हे काम यांतला फरक इथेच कळायला हवा, नाहीतर मॉड्युलर किचनचे भाव विचारणारे मेसेज येत राहतात. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ‘कॉन्टॅक्ट इन्फो’त भरलेला फोन नंबर फक्त तुमच्याशी जोडलेल्यांना दिसतो. अनोळखी ब्रोकर प्रोफाइल पाहतो, नंबर दिसत नाही म्हणून निघून जातो. धंद्याचा नंबर ‘अबाउट’मध्ये किंवा वरच्या पट्टीच्या चित्रावर टाका. ही पट्टी 1584 गुणिले 396 पिक्सेलची असते, आणि तिचा डावीकडचा खालचा भाग प्रोफाइल फोटोखाली झाकला जातो. नंबर उजवीकडे ठेवा.

मोफत खात्यातली सगळ्यांत मोलाची आणि सगळ्यांत कमी वापरली जाणारी सोय म्हणजे सेवांचं पान. प्रोफाइलवरच्या ‘ओपन टू’मधून ‘प्रोव्हायडिंग सर्व्हिसेस’ निवडलं की ते तयार होतं. यादीतल्या तुमच्या कामाला जवळच्या सेवा घ्या. सगळ्याच टिकमार्क करत सुटलात तर नेमकं काय करता ते कळेनासं होतं. या पानावरून न जोडलेला माणूसही तुम्हाला फुकट मेसेज करू शकतो. एरवी अनोळखी माणसाला लिहायचं तर पैसे मोजून मिळणारा इनमेल लागतो. जुन्या ग्राहकांना याच पानावर अभिप्राय द्यायला बोलावता येतं. अभिप्राय काम संपल्याच्या आठवड्यातच मागा, आणि विचारायचं काय ते आधी ठरवा: घर किती दिवस पडून होतं, मांडणीनंतर किती जण पाहायला आले, सामान ठरल्या दिवशी आलं आणि गेलं का. ‘खूप छान काम’ या तीन शब्दांवरून ब्रोकरला काहीच समजत नाही.

धंद्याच्या नावाचं वेगळं पान मोफत निघतं, पण त्यावर वेळ घालवू नका. पत्ता, लोगो, आठ-दहा फोटो टाकून ठेवा, पुरे. पान फॉलो करा म्हणून महिन्याला 250 आमंत्रणं पाठवता येतात आणि स्वीकारलेली आमंत्रणं खात्यात परत जमा होतात, हे खरं. तरी लोक माणसाशी जोडले जातात, लोगोशी नाही. पोस्टी स्वतःच्या नावानेच करा.

आता माणसं शोधायची कशी. बिल्डरसाठी सुरुवात लिंक्डइनवर नाही, गुजरात रेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर करायची. तिथे प्रकल्प आणि नोंदणीकृत एजंट दोन्ही सापडतात. वासणा-भायली रस्ता, सेवासी, समा-सावली रस्ता अशा पट्ट्यांतले पझेशनच्या, म्हणजे ताबा देण्याच्या, जवळ आलेले प्रकल्प निवडा, कारण न विकलेल्या फ्लॅटची चिंता तेव्हाच सुरू होते. इथे एक खोच आहे. आपल्याकडे पुष्कळ बिल्डर प्रत्येक प्रकल्पासाठी वेगळी भागीदारी पेढी काढतात. रेरावर दिसणारं नाव लिंक्डइनवर टाकलं तर काहीच मिळत नाही. माहितीपत्रकावरचं ग्रुपचं नाव शोधा, मग कंपनीच्या पानावर ‘पीपल’मध्ये जाऊन ‘सेल्स’, ‘मार्केटिंग’, ‘सीआरएम’ (ग्राहकांशी संपर्क ठेवणारा विभाग) हे शब्द टाकून माणसं निवडा. मालक स्वतः लिंक्डइनवर नसला तरी धंद्यात आलेला मुलगा किंवा सून बहुधा असते, आणि सॅम्पल फ्लॅट कसा दिसावा हे अनेकदा तीच मंडळी ठरवतात.

परदेशस्थ मालकांसाठी बडोद्याच्या एम. एस. युनिव्हर्सिटीचं लिंक्डइनवरचं पान म्हणजे खाणच. त्यातल्या ‘अ‍ॅल्युमनाय’ भागात कुठे राहतात, कुठे काम करतात, काय शिकले, कोणत्या वर्षी, असे फिल्टर लावता येतात. न्यू जर्सी किंवा टोरँटो निवडा आणि जुन्या वर्षांकडे वळा; ज्यांचे आईवडील आता वयस्कर आहेत किंवा ज्यांचं अलकापुरी, कारेलीबाग, दांडिया बाजारातलं घर बंद पडलं आहे, ते याच गटात असतात. आडनावावरून मराठी वाटलं तर मराठीतच लिहा. साताठ हजार मैलांवर बसून बडोद्याचं मराठी वाचलेला माणूस उत्तर देतो. जोडणीच्या आमंत्रणासोबतच्या चिठ्ठीला मोफत खात्यात 200 अक्षरांची मर्यादा आहे, आणि अशा चिठ्ठ्या महिन्याला मोजक्याच मिळतात. त्या याच गटासाठी राखून ठेवा. ब्रोकरला विनाचिठ्ठी आमंत्रण चालतं. चिठ्ठी अशी: ‘नमस्कार. बडोद्यात बंद घरांची विक्रीसाठी किंवा भाड्यासाठी मांडणी करून देतो, फोटो-व्हिडिओसकट. तुमचं किंवा ओळखीतल्यांचं घर असेल तर कळवावं.’ भाव, सवलत, दुवा काही नको. परदेशस्थाच्या विक्रीत टीडीएस आणि मुखत्यारपत्राचे प्रश्न हमखास निघतात. ते सीए आणि वकिलांवर सोडा, पोस्टीत सल्ले देऊ नका.

वेळ सांभाळली तर याच कामाला दुप्पट फळ येतं. परदेशस्थ मंडळी डिसेंबर-जानेवारीत, उत्तरायणाच्या (मकरसंक्रांतीच्या) सुमारास बडोद्यात येतात आणि घराचा निर्णय तेव्हा करतात. म्हणून ओळख गणपतीनंतर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये करून ठेवायची. पोस्ट रविवारी रात्री साडेआठला टाकली तर न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे 11 आणि हिवाळ्यात 10 वाजलेले असतात. ब्रोकरांचं गणित उलटं. डिसेंबरच्या मध्यापासून उत्तरायणापर्यंत कमुरता, म्हणजे शुभकार्याला वर्ज्य मानलेला काळ, त्या काळात गुजराती घरांत बानाखत (विक्रीचा करार) आणि दस्तावेज (खरेदीखत) शक्यतो टाळतात. ब्रोकर मोकळा असतो तो तेव्हाच. भेटीचा मेसेज तेव्हा करा, आणि कमुरता सुटल्यावर त्याच्या हातात मांडलेलं घर असेल असं नियोजन त्याच्यासमोर ठेवा.

एचआरवाल्यांबद्दल थोडक्यात: रिफायनरी, औषध कंपन्या, सावलीकडचे कारखाने, विमानांचा नवा कारखाना, यांमुळे बदलीवर येणारे अधिकारी शहरात सतत असतात. कंपनी भाड्याने घेते त्या फ्लॅटसाठी ‘अ‍ॅडमिन’ आणि ‘फॅसिलिटीज’ हे शब्द शोधा, ‘एचआर’ नव्हे.

मोफत खात्याची खरी अडचण शोधात आहे. महिन्यात जास्त शोध केले की लिंक्डइन ‘कमर्शियल यूज लिमिट’ लावतं आणि पुढच्या महिन्याच्या 1 तारखेपर्यंत यादी अर्धवट दिसते. नावं आधी रेरावर आणि गूगलवर जमवून ठेवायची आणि लिंक्डइनवर थेट नावाने जायचं, हा त्यावरचा उपाय. आमंत्रणं दिवसाला 10-15 च्या वर नेऊ नका. आपोआप आमंत्रणं पाठवणारी ब्राउझरची जोडणी (एक्स्टेंशन) अजिबात लावू नका. ती कंपनीच्या नियमांत बसत नाही आणि खातं अडकतं. महिनाभर पडून राहिलेलं आमंत्रण मागे घ्या, पण विचार करून घ्या: मागे घेतल्यावर त्याच माणसाला 3 आठवड्यांपर्यंत पुन्हा पाठवता येत नाही. प्रोफाइल कोणी पाहिलं याची यादीही मोफत खात्यात तोकडीच, शेवटची काही नावं. तुम्ही स्वतः लपून इतरांची प्रोफाइल पाहत असाल तर तीही मिळत नाही. धंद्याच्या खात्यावर नाव उघडं ठेवा. प्रोफाइल पाहून गेलात हीच अर्धी ओळख असते.

काय पोस्ट करायचं? पीडीएफ. एका घराची 8 पानं, 1080 गुणिले 1350 पिक्सेल, दर पानावर एकच फोटो आणि एकच वाक्य. आधीचा आणि नंतरचा फोटो एकाच कोपऱ्यातून, एकाच उंचीवरून, साधारण 4 फुटांवरून घेतलेला. मोबाइलची 0.5 (वाइड) लेन्स टाळा. खोली लांबच लांब दिसते, पाहायला आलेला माणूस दारातच नाराज होतो आणि ब्रोकर पुन्हा बोलवत नाही. वाक्यात विशेषणं नकोत, कारण हवं: हॉलमध्ये 6500 केल्विनची पांढरी ट्यूब होती, तिच्या जागी 3000 केल्विनचे पिवळसर दिवे लावले, पडद्याची दांडी खिडकीच्या चौकटीवरून 6 इंच वर घेतली म्हणून छत उंच वाटतं, 2 बीएचकेच्या हॉलमधला तीन अधिक दोनचा सोफा काढून दोन आसनी सोफा आणि संखेड्याची एक लाखकामाची खुर्ची ठेवली, त्यामुळे बाल्कनीपर्यंतची वाट मोकळी झाली. संखेड्याचं लाखकाम फोटोत उठून दिसतं आणि परदेशातल्या बडोदेकराला घरची आठवण करून देतं, पण एकच नग ठेवा, जास्त झाले तर दुकान वाटतं. पीडीएफ टाकल्यावर पोस्टीतला मजकूर दुरुस्त करता येतो, पानं बदलता येत नाहीत. शुद्धलेखन, दारावरची पाटी, घर क्रमांक, भिंतीवरचे कुटुंबाचे फोटो हे सगळं आधी तपासा. मालकाची लेखी संमती घ्या आणि दस्तावेज होईपर्यंत सोसायटीचं नाव घालू नका.

इथे एका गोष्टीवर आग्रह धरायलाच हवा. ऑगस्ट 2024 च्या विश्वामित्री नदीच्या पुरानंतर काठच्या भागांत घर पाहायला येणारा माणूस पाणी किती आलं होतं हे विचारतो. भिंतीला फुटलेले क्षार कपाट सरकवून किंवा वॉलपेपर लावून झाकणं ही मांडणी नव्हे, फसवणूक आहे. ओल आधी बरी करा, रंग नंतर, सामान त्याहून नंतर, आणि पोस्टीत हा क्रम लिहा. बिल्डरच्या सॅम्पल फ्लॅटला तर कायदाच लागू आहे. 2016 च्या रेरा कायद्याच्या कलम 12 प्रमाणे जाहिरात, माहितीपत्रक किंवा सॅम्पल फ्लॅट पाहून पैसे भरलेल्याचं खोट्या माहितीमुळे नुकसान झालं तर भरपाई प्रवर्तकाने, म्हणजे बिल्डरने, द्यायची असते. लहान पलंग ठेवून खोली मोठी दाखवलीत, संगणकावर बसवलेलं फर्निचर खरं म्हणून पोस्ट केलंत, तर तुम्हाला काम देणारा बिल्डर अडचणीत येतो. संगणकीय फोटो असेल तर फोटोवरच तसं लिहा, खालच्या मजकुरात नव्हे.

पोस्ट चालली की नाही हे लाइकवरून ठरवू नका. लाइक बहुतेक देशभरातल्या इंटिरियर डिझायनरांचे असतात. पोस्टीच्या आकडेवारीत पाहणाऱ्यांचं शहर आणि हुद्दा मोफत दिसतो. तिथे वडोदरा आणि रिअल इस्टेट वर येत नसेल तर जोडलेली माणसं चुकीची आहेत. पोस्ट बदलून फरक पडणार नाही, माणसं वाढवावी लागतील.

लिंक्डइनच्या जोडीला गूगलचं बिझनेस प्रोफाइल नक्की काढा, तेही मोफत. घरून धंदा चालत असेल तर पत्ता लपवून सेवेचे भाग तेवढे दाखवता येतात, 20 पर्यंत. पडताळणीला बऱ्याचदा व्हिडिओ मागतात. त्यासाठी गोडाऊनमधलं सामान, धंद्याच्या नावाची पाटी किंवा बिल आणि बाहेरचा रस्ता एका सलग चित्रीकरणात यावा, म्हणून पाटी आधी लावून घ्या. हाउझवर (घरसजावटीच्या संकेतस्थळावर) फोटो ठेवायला हरकत नाही. मात्र कामाची अपेक्षा इंटिरियरचीच ठेवा, विक्रीच्या मांडणीची नव्हे.