चाकांच्या स्टँडचा पिंजरा: घरात कुत्र्याचं पिल्लू असेल तर घ्यावा का?

जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या बाजारात लव्ह बर्ड आणि कॉकाटीलसारख्या लहान पाळीव पोपटांसाठी हल्ली हाच पिंजरा जास्त खपतो. १८ इंच रुंद, १४ इंच खोल, २४ इंच उंच, काळा पावडर कोटिंगचा, खाली सरकता ट्रे आणि अडीच फुटी स्टँडला चार चाकं. पक्ष्यासाठी माल चांगला आहे. तारांमधलं अंतर अर्ध्या इंचाच्या आत असल्यामुळे लव्ह बर्डचं डोकं अडकत नाही. कोटिंगही साध्या चकचकीत गॅल्व्हनाइज्ड जाळीपेक्षा बरं, कारण ती जाळी पक्षी चोचीने खरवडतो आणि जस्त पोटात जाऊन विषबाधा होते. फक्त सांध्यांजवळ कोटिंगचे पोपडे निघालेले नाहीत ना, हे दुकानातच नखाने खरवडून बघा.

घरात पिल्लू असेल, तर मात्र हा पिंजरा आणला तसा ठेवू नका. रिकामा पिंजरा एका हाताने उचलता येतो, म्हणजे चार महिन्यांच्या लॅब्राडोरने पुढचे दोन पाय टेकले की स्टँडसकट आडवा झालाच. चाकं काढून टाका. खालच्या फळीवर दहा-बारा किलो वाळूची गोणी ठेवा. वरची चौकट रावळप्लग आणि हुकाने भिंतीला बांधा. त्याने पक्ष्याची एक बाजूही झाकली जाते आणि त्याला आडोसा मिळतो.

दुसरा दोष दाण्यापाण्याच्या खिडक्यांचा. त्या वर सरकणाऱ्या आहेत, त्यांना कडी नाही. राळ्याच्या वासाने पिल्लू नाक घालतं आणि खिडकी सहज वर जाते. प्रत्येक खिडकीला आणि मोठ्या दाराला स्प्रिंगची चिमटी लावा. ट्रेही बाइंडिंग तारेने बांधा. तो ओढून निघाला की खाली फट राहते, शिवाय पिल्लू विष्ठा चाटतं.

सगळ्यात मोठा धोका दुकानदार सांगत नाही. पक्षी तारांना लटकतो तेव्हा त्याची बोटं बाहेर येतात आणि कुत्रा नेमकी तीच पकडतो. दार आणि दाण्यापाण्याच्या खिडक्या न झाकता खालच्या आठ इंचांना बाहेरून अ‍ॅक्रिलिकचा पत्रा लावा आणि दांड्या वरच्या अर्ध्या भागात बसवा. वरच्या तिन्ही बाजू मोकळ्या ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, बंद पिंजऱ्यात पक्षी चोच उघडी टाकून धापा टाकतो.

खानदेशात पिल्लू आणि पक्ष्याची भेट टाळताही येत नाही. एप्रिल-मेमध्ये कूलर एकाच खोलीत असतो आणि माणसं, कुत्रा, पक्षी सगळे तिथेच येतात. म्हणून ओळख हिवाळ्यातच करून द्यावी. पिल्लू तीन-चार महिन्यांच्या आतलं असेल तर उत्तम, त्या वयात नवी गोष्ट लवकर पचते. पहिले तीन-चार दिवस दोघं वेगवेगळ्या खोल्यांत. पिंजऱ्याखालचं स्वच्छ फडकं पिल्लाला हुंगू द्या. मग फिरवून दमवलेलं पिल्लू पट्ट्यात घेऊन दहा फुटांवर बसवा, पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. त्याने पक्ष्याकडे बघून मान तुमच्याकडे वळवली की लगेच खाऊ द्या. दोघंही निवांत असतील तरच दोन-तीन दिवसांनी एक फूट पुढे.

पिल्लू भुंकलं तर फार घाबरू नका. ते दगडासारखं थिजलं, तोंड मिटलं, कान पुढे आले, शेपटी ताठली, तर मात्र जपा. ती शिकारीची नजर आहे, लगेच मागे न्या. पक्षी अंग आवळून बारीक उभा राहिला, पंख फाकवून धापा टाकू लागला किंवा जाळीवर आपटू लागला, तर त्या दिवशी थांबा. ओरडू नका, मारू नका. पक्षी दिसला की मार बसतो, एवढंच पिल्लू शिकतं.

एकाच वेळी दोघांना मोकळं सोडायचं नाही, सहा महिने शांततेत गेले तरी. लव्ह बर्डचं वजन ४०-६० ग्रॅम, खेळात मारलेला एक पंजा त्याला पुरतो. कुत्र्याचा दात नुसता घासला आणि रक्त आलं नाही, तरी त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. लाळेतले जिवाणू पक्ष्याच्या रक्तात झपाट्याने पसरतात आणि अँटिबायोटिकला उशीर चालत नाही. जनावरांचे सगळेच डॉक्टर पक्षी बघत नाहीत, म्हणून फोन नंबर आधीच विचारून ठेवा.

एक सांगायलाच हवं. सातपुड्यातून कुणी पोपटाचं पिल्लू आणून देत असेल तर घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी पोपट पाळता येत नाही.

थोडक्यात, लहान जातीचं किंवा शांत स्वभावाचं पिल्लू असेल आणि वरच्या दुरुस्त्या करणार असाल, तर पिंजरा घ्या. घरात कारवानी जातीचं शिकारी कुत्रं असेल तर हा स्टँड नकोच. पळणाऱ्या, फडफडणाऱ्या वस्तूमागे धावणं त्याच्या रक्तात आहे. तिथे स्टँडशिवाय नुसता पिंजरा घ्या, भिंतीत कोन ठोकून साडेपाच फुटांवर बसवा आणि खोलीच्या दाराला बाहेरून कडी ठेवा.