प्रजनन संस्थेची मॉडेल्स : वर्गात वापरून झाल्यावरचं मत

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेसाठी यंदा मानवी प्रजनन संस्थेची दोन मॉडेल्स घेतली, एक स्त्रीचं आणि एक पुरुषाचं. जळगावातल्या शैक्षणिक साहित्याच्या दुकानातून मागवली. दोन्ही मिळून साडेचार हजारांच्या आत बसली. पीव्हीसीची आहेत, कंबरेच्या भागाचा उभा छेद दाखवणारी. मी चोपडा तालुक्यात सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते, तेव्हा हे मत वर्गातल्या वापरावरचं आहे.

बालभारतीच्या पुस्तकांत मानवी प्रजनन संस्था सविस्तर येते ती दहावीला, विज्ञान भाग 2 मध्ये. आमच्या कितीतरी मुलींना पाळी येते सहावी-सातवीतच. मधल्या वर्षांत मुलींच्या कानावर ‘कावळा शिवला’ एवढंच पडतं आणि मुलांच्या हातात मोबाईल असतो. भिंतीवर तक्ता होता, पण त्यातलं चित्र समोरून काढलेलं. अवयव पोटात कुठे, कशाच्या मागे, हे त्यातून मुलांना उमगत नाही.

इथे मॉडेल कामाला येतं. पुढे मूत्राशय, त्यावर झुकलेलं गर्भाशय, मागे गुदाशय, सगळं एका नजरेत. गर्भाशयाचा अर्धा भाग सुटा निघतो आणि माप खरं आहे. पट्टी लावून पाहिलं, साडेसात सेंटीमीटरच्या आसपास भरलं. “मॅडम, हाई इतलंसंच ऱ्हास का?” सातवीतल्या एकीने विचारलं. मग एवढ्याशात बाळ कसं मावतं, हा प्रश्न आपसूक आला आणि स्नायू ताणले जाण्याबद्दल बोलता आलं. तेच स्नायू आतलं अस्तर बाहेर टाकताना आकसतात म्हणून पाळीत पोट दुखतं, हे सुटा भाग हातात धरून सांगितलं की लगेच पटतं. पाळीत ‘सगळं रक्त जातं’ ही भीती मुलींच्या मनात घट्ट असते. त्यासाठी मॉडेलशेजारी मोजपात्रात लाल रंगाचं पाणी ओतून दाखवते. एका पाळीत साधारण 30 ते 80 मिलिलिटर, बस्स.

मोठी खोट मात्र नेमकी इथे आहे. स्त्रीच्या मॉडेलचा बाहेरचा भाग सपाट, गुळगुळीत करून टाकलाय. मूत्रमार्गाचं आणि योनीचं द्वार वेगळं दिसतच नाही. आठवीच्या मुलीसुद्धा विचारतात, “लघवीनं आन पाळीनं दार येकच शे ना?” लाजेखातर बनवणाऱ्याने जे गाळलं, तेच मुलींना माहीत असायला हवं. मी ते फळ्यावर काढून दाखवते, तिन्ही द्वारं वेगवेगळी. विकत घेतलेल्या साहित्यात ते नसावं, याचा मला खरोखर राग येतो.

पुरुषाचं मॉडेल जास्त काळजीने केलंय. शुक्रवाहिनी वृषणातून वर चढून मूत्राशयाला वळसा घालून येते, हे बोट फिरवून दाखवता येतं. वृषण शरीराबाहेर का, तर शुक्रपेशी तयार व्हायला शरीरापेक्षा 2-3 अंश कमी तापमान लागतं. यावर आमच्याकडचा प्रश्न ठरलेला: उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसवर जातो तेव्हा काय? उकाड्यात वृषणांभोवतीच्या पिशवीची त्वचा सैल पडते, वृषण शरीरापासून आणखी लांब लोंबतात आणि घामाने थंडावा मिळतो. मुलंमुली एकत्रच बसवते. सुरुवातीला मागच्या बाकांवर खसखस पिकली, मॉडेल हातोहात फिरायला लागलं तशी ती थांबली.

सोबतचं माहितीपत्रक अगदीच तोकडं, त्यात गुणसूत्रांचा उल्लेखही नाही. ज्या जळगाव जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 842 मुली होत्या, तिथे मुलगा की मुलगी हे वडिलांकडून येणाऱ्या एक्स किंवा वाय गुणसूत्रावर ठरतं, हे मी वगळूच शकत नाही. भागांच्या क्रमांकांची यादी फक्त इंग्रजीत आहे. मराठी माध्यमासाठी नवी लिहून चिकटवली. अंडाशय नुसतं चिकटवलेलं, एप्रिलच्या उन्हात सुटून आलं. दुकानदाराने बदलून दिलं नाही.

तरीही घ्यावं असंच म्हणेन, पाचपैकी साडेतीन. पालकसभेत ही मॉडेल्स मुद्दाम टेबलावर ठेवली होती. कुणी नाक मुरडलं नाही. एका आईने स्वतःहून अंडनलिकेवर बोट ठेवून विचारलं, “मॅडम, माझं ऑपरेशन इथंच केलं होतं का?” हो म्हटल्यावर बाकीच्याही टेबलाभोवती जमल्या आणि सभेचा पुढचा अर्धा तास त्यातच गेला.

घेताना सुटे भाग दुकानातच काढून-बसवून पाहा, मराठी यादी आहे का विचारा आणि बदलून देण्याचं बिलावर लिहून घ्या. बाहेरच्या अवयवांचा वेगळा तक्ता मिळाला तर तोही घ्या. आणि आणल्यावर कपाटात कुलूप लावून ठेवू नका.