ओबीडी स्कॅनर: आठ महिने वापरल्यावर, ऑटोमोबाईलच्या पोराचा अनुभव

गेल्या गणपतीत घेतलेला ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे आणि बिघाडाचे कोड फोनवर दाखवणारं छोटं यंत्र, आता आठ महिन्यांचा झाला. मी सोलापुरात ऑटोमोबाईल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. खरं तर हा माझा दुसरा. पहिला ३५० रुपयांत मिळाला होता, अंगावर ‘व्हर्जन १.५’ छापलेलं. अशा स्कॅनरच्या आत असते ती मूळ ईएलएम३२७ चिप बनवणाऱ्या कॅनडातल्या कंपनीने १.५ अशी आवृत्ती कधी काढलीच नव्हती, हे मला पैसे गेल्यावर कळलं. पंधरा मिनिटं चालायचा, मग फोनशी कट्टी. दुसरा १७०० चा, तो अजून धड आहे.

स्टिअरिंगखाली डॅशबोर्डच्या पोटात १६ पिनांचं सॉकेट असतं, त्यात हा खुपसायचा आणि फोनमध्ये अ‍ॅप उघडायचं. एवढंच. पण मला पहिला धडा स्कॅनरने नाही, त्या सॉकेटनेच दिला. कॅन बसवर, म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर ज्या दोन तारांवरून एकमेकांशी बोलतात त्यावर, सहा मार्कांचं उत्तर मी पाठ केलं होतं, आकृतीसकट. काकांच्या गाडीची बॅटरी काढून सॉकेटमधल्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांवर, म्हणजे याच दोन तारांवर, मल्टिमीटर लावला, तर ६० ओम दाखवले. दोन टोकांना १२० ओमचे दोन रेझिस्टर, समांतर जोडलेले, म्हणून ६०. पाठ केलेलं उत्तर तेव्हा पहिल्यांदा समजलं.

आता मुख्य गोष्ट. काकांची सेकंडहँड पेट्रोल गाडी लिटरला १३ च्या वर जात नव्हती. डिसेंबरात सगळे तुळजापूरला निघालो, मी पुढच्या सीटवर फोन धरून. हायवेला कूलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान ६७, ६८ अंश. घाट चढताना ८० पर्यंत गेलं, वर पोचून गाडी सावकाश झाली की परत खाली. चालू इंजिन नव्वदच्या आसपास स्थिर राहायला हवं. या गाडीला टेम्परेचरचा काटाच नाही, फक्त गार असल्याचा निळा दिवा, आणि तो केव्हाच विझलेला. त्यामुळे कुणाला पत्ताच नाही. काकू मागून म्हणाली, “देवाला निघालोय, ते ठेव की जरा बाजूला.”

दुसऱ्या दिवशी अक्कलकोट रोडवरच्या आमच्या मिस्त्रीमामांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, “थर्मोस्टॅट मीच काढलाय की. सोलापूरचं ऊन बघितलंयस न्हवं?” थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. आपल्याकडे ही जुनी समजूत आहे: मे महिन्यात गाडी तापली की थर्मोस्टॅट काढून फेकायचा. मग पाणी पहिल्या सेकंदापासून रेडिएटरमधून फिरत राहतं, इंजिन पुरेसं तापतच नाही, आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ते अजून गारच आहे असं धरून पेट्रोल जरा सढळ हाताने सोडतो. मुळात गाडी तापत होती ती फॅनचा रिले, म्हणजे फॅन चालू-बंद करणारा विजेचा स्विच, अडकत होता म्हणून. रिले बदलला, नवा थर्मोस्टॅट बसवला. आता ८८ ते ९२. अ‍ॅव्हरेज १५ च्या जवळ आलं आहे. काका मात्र याचं श्रेय टायरमधल्या हवेला देतात.

मामांना कमी लेखतोय असं समजू नका, कारण पुढच्या खेपेला तोंडावर मी पडलो. मित्राच्या गाडीत चेक इंजिनचा दिवा लागला, कोड पी०३०२, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरचा मिसफायर, तिथे पेट्रोल नीट पेटत नाही. मी लगेच नवी इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देते ती) आणायला निघालो होतो, दोनेक हजारांची. मामा म्हणाले, “थांब की. आधी दोन आन् तीनची कॉइल आलटून पालटून लाव.” लावली. कोड दोनवरच. मग त्या दोघांचे प्लगही आलटून पालटून लावले, तर कोड सरकून पी०३०३ झाला, म्हणजे तीन नंबरचा. प्लगच्या चिनी मातीला केसाएवढी चीर होती. खर्च २०० रुपये. कोड कुठल्या सिलिंडरमध्ये गडबड आहे एवढंच सांगतो, कशामुळे ते शोधायचं काम आपलंच. हे स्कॅनरच्या खोक्यावर कुणी छापत नाही.

तक्रारी आहेतच. सॉकेटची १६ नंबरची पिन थेट बॅटरीवर असते, चावी काढली तरी चालू. दिवाळीत मी स्कॅनर तसाच लावून गावाला गेलो, आठ दिवसांनी आलो तर बॅटरी पार झोपलेली. काढून ठेवायची सवय लावा. एबीएस आणि एअरबॅगचे कोड हा वाचत नाही. एकदम सात-आठ आकडे पाहायला घेतले की स्क्रीन रखडते. धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ मध्ये कसा नाचतो ते पाहायचं असेल तर तो एकटाच लावा, मग आलेख छान दिसतो. आणि ते ‘क्लिअर कोड’चं बटण! दिवा विझतो, पण कोड पडला त्या क्षणीचा वेग, तापमान, लोड यांची नोंदही पुसली जाते. आधी स्क्रीनशॉट, मगच बटण.

एप्रिलमधली एक गंमत. दुपारी तीनला सोलापूरच्या सात रस्ता चौकात एसी लावून अडकलो होतो, स्कॅनर इंजिनात शिरणारी हवा ६३ अंश दाखवत होता. तापलेली हवा विरळ, म्हणजे तेवढ्याच जागेत ऑक्सिजन कमी. सिग्नल सुटल्यावर गाडी का रडते ते तिथेच कळलं.

घेणार असाल तर एक बघा: साधा ब्लूटूथवाला अँड्रॉइडलाच चालतो. आयफोनला ब्लूटूथ एलई किंवा वायफायवाला लागतो. माझ्या रूममेटने न विचारता साधाच मागवला. परत करायची मुदतही संपली. आता २०० ला देतो म्हणतोय.