बोफोर्स तोफ आणि तिला ओढणारा मॉरिस ट्रक, १/७६ चं किट

बेळगावात असलं, तुकडे जोडून खऱ्याच्या १/७६ आकाराचं मॉडेल करायचं किट मिळणं अवघडच, खडे बाजारात विचारलं तर रिमोटच्या गाड्या दाखवतात, म्हणून ऑनलाईन मागवलं. ४० मिमीची बोफोर्स विमानविरोधी तोफ आणि ती ओढणारा मॉरिस कमर्शियल ट्रक, दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश. तोफ लई भारी झालीय पण माझा जीव ट्रकवरच. सहा चाकं, त्यातल्या मागच्या चारांना इंजिनची ताकद, चिखलात अडकलं तर विंच, म्हणजे दोर गुंडाळून ओढून काढायचं यंत्र, मागं तोफखान्याची माणसं नि दारूगोळा. खरी तोफ दोन टनांच्या आसपास, मिनिटाला १२० च्या घरात गोळे टाकणारी, मग गोळे वाहायचे किती ते बघा की! लोक नुसतं रणगाड्यांचं कौतुक करत बसतात, ट्रक नसला तर तोफ जाग्यावरच ओ.

आता तक्रार. विकणाऱ्यानं डबा साध्या पिशवीत घालून पाठवला, तोफेची नळी वाकून आली, गरम पाण्यात धरून सरळ केली. तुकडे लई बारीक, चिमटा पाहिजेच, लहान पोरांच्या हातात देऊ नका, रंग नि गोंद वेगळा घ्यायचा. पाचातले चार स्टार, एक पॅकिंगमुळं कापला.