प्रोसेसर डिझाइन की एम्बेडेड प्रोग्रामिंग: ऐच्छिक विषय निवडताना

इलेक्ट्रॉनिक्स अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचे ८०८५ मायक्रोप्रोसेसर किंवा ८०५१ मायक्रोकंट्रोलर शिकून झाले की ऐच्छिक विषयांच्या यादीत पुष्कळदा प्रोसेसर डिझाइन आणि एम्बेडेड सिस्टिम्स (उपकरणात बसवलेल्या छोट्या संगणकाचे प्रोग्रामिंग) ही दोन नावे शेजारीशेजारी येतात. रजिस्टर, बस, इंटरप्ट हे शब्द दोन्हीकडे असल्यामुळे त्यांत फारसा फरक नसावा असे वाटते. प्रत्यक्षात विद्यार्थ्याचे सत्र मात्र दोन अगदी भिन्न कामांत जाते.

प्रोसेसर डिझाइनमध्ये सूचना पाळणारे यंत्रच उभे करायचे असते. त्यासाठी आज रिस्क-फाइव्ह हा सूचनासंच, म्हणजे प्रोसेसरला समजणाऱ्या सूचनांची ठरलेली यादी, सर्वांत सोयीचा आहे. २०१० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत सुरू झालेला हा संच कोणालाही शुल्क न देता वापरता येतो, आणि त्याचा ३२ बिटांचा मूळ भाग इतका आटोपशीर आहे की एका सत्रात तो व्हेरिलॉग या सर्किटचे वर्णन करण्याच्या भाषेत लिहून पूर्ण होऊ शकतो. एका क्लॉकमध्ये (प्रोसेसरच्या एका ठोक्यात) एक सूचना संपवणारा साधा प्रोसेसर लवकर चालू लागतो. खरी परीक्षा पाच टप्प्यांच्या पाइपलाइनपाशी, म्हणजे एक सूचना संपण्याआधीच पुढची सुरू करणाऱ्या रचनेपाशी, होते. मेमरीतून यायची किंमत अजून हाती आलेली नसते आणि लगेच पाठोपाठ येणारी सूचना ती मागते. अशा वेळी कोणत्या टप्प्याने थांबायचे, याची तजवीज सर्किटमध्ये आधीच करून ठेवावी लागते. ती बरोबर झाली की नाही, हे सिम्युलेशनच्या वेव्हफॉर्मवर एकेक क्लॉक तपासूनच कळते, आणि म्हणून टेस्टबेंच (डिझाइनची चाचणी घेणारा कोड) लिहिण्यात मूळ डिझाइनपेक्षाही अधिक वेळ जाऊ शकतो.

एम्बेडेडमध्ये यंत्र तयार मिळते, पण सेन्सर, मोटर आणि तारा यांच्याशी गाठ असते. शेकडो पानांच्या मॅन्युअलमधून नेमका बिट शोधायचा आणि सी भाषेत तो लिहायचा, हे रोजचे काम. इंटरप्टमध्ये, म्हणजे चालू काम मध्येच थांबवून धावणाऱ्या कोडमध्ये, बदलणारे व्हेरिएबल ‘व्होलाटाइल’ (किंमत कधीही बदलू शकते असे) म्हणून घोषित केले नाही, तर कंपायलरचे ऑप्टिमायझेशन चालू करताच एरवी नीट चालणारा प्रोग्राम एखाद्या लूपमध्ये अडकू शकतो. कधी प्रोग्राम निर्दोष असतो आणि चिप एकमेकींना जोडणाऱ्या आय-टू-सीच्या तारेवर, ती एरवी वरच्या व्होल्टेजवर धरून ठेवणारा पुल-अप रेझिस्टरच नसतो. दोष प्रोग्रामचा की जोडणीचा, हे तारांवरचे सिग्नल दाखवणारा लॉजिक ॲनालायझर लावून ठरवण्याची सवय इथे लागते, आणि माझ्या मते या विषयाची सर्वांत मोलाची कमाई तीच आहे.

नोकरीच्या दृष्टीने पुण्यातील वाहन-उद्योगामुळे एम्बेडेडचे काम महाराष्ट्रातच मिळू शकते. चिप डिझाइनसाठी बहुधा बंगळूर किंवा हैदराबाद गाठावे लागते, आणि तिथेही नवख्यांच्या वाट्याला अनेकदा पडताळणीचे काम येते. तरीही मद्रास आयआयटीचा ‘शक्ती’ आणि मुंबई आयआयटीचा ‘अजित’ हे प्रोसेसर आपल्या विद्यापीठीय प्रयोगशाळांतूनच घडले, हे निवड करताना लक्षात असावे.

महाविद्यालयात एफपीजीए (आपले सर्किट भरून चालवता येणारी चिप) असलेला बोर्ड आणि तुमचे डिझाइन ओळीओळीने तपासणारे शिक्षक असतील, तर प्रोसेसर डिझाइनच निवडावे असे मला मनापासून वाटते. व्हेरिलॉगची मोफत साधने घरीही चालतात, पण टायमिंग (सिग्नल वेळेत पोहोचणे) का जुळत नाही हे समजावणारा माणूस घरी मिळत नाही. एम्बेडेडचा पाया मात्र काही शे रुपयांच्या बोर्डावर स्वतः घालता येतो. २०२४ साली आलेल्या रास्पबेरी पाय पिको २ या छोट्या बोर्डातील चिपवर तर आर्म (दुसरा एक सूचनासंच) आणि रिस्क-फाइव्ह असे दोन्ही प्रकारचे कोअर, म्हणजे सूचना चालवणारे भाग, आहेत, आणि त्यातील रिस्क-फाइव्ह कोअरचा, म्हणजे ‘हॅझार्ड३’चा, व्हेरिलॉग मजकूर सर्वांना खुला आहे. ज्यावर आपला प्रोग्राम चालतो तो प्रोसेसर आतून कसा लिहिला आहे, हे तिथे वाचता येते.

अर्ज भरण्यापूर्वी विभागात जाऊन गेल्या वर्षीचे प्रकल्प पाहावेत. डिझाइनच्या वर्गातील कोणाचा प्रोसेसर प्रत्यक्ष एफपीजीएवर चालला की सगळे सिम्युलेशनपाशीच थांबले, आणि एम्बेडेडच्या वर्गात रजिस्टर स्वतः लिहायला लावतात की आर्डुइनो या नवशिक्यांच्या बोर्डाच्या तयार लायब्ररीवरच काम भागवतात, हे तिथल्या विद्यार्थ्यांनाच विचारावे.